भिरभिरं कोण काढतं?

बाळांच्या बागेत चोरी होते, अशी तक्रार घेऊन तो आला तेव्हा मी मनात म्हटलं, हे नेहमीचंच. दफनभूमीत अशा तक्रारी येतात आणि बहुतेकदा वारा, कुत्रं किंवा उन्हाने तुकडे पडलेलं प्लास्टिक, यातलंच काहीतरी निघतं. पण हा म्हणाला, "काका, दर रविवारी मी भिरभिरं लावून जातो, पुढच्या रविवारी ते नसतं. आजूबाजूला सगळ्यांचं जागच्या जागी आहे. फक्त माझ्या मुलीचंच जातं."

वारा काही एकालाच धरून वाहत नाही.

ही बाग म्हणजे फुलझाडं, बाक आणि दगडी फुलपाखरू, असं येणाऱ्यांना वाटतं. खरं काम मोजमापाचं. मोठ्या माणसाची कबर काही महिन्यांत खचते, नुसतं बघून कळते. पोटातच गेलेल्या किंवा जन्मून काही तासांत गेलेल्या बाळाचा खड्डा इतका लहान असतो की एकदा गवत आलं की जमीन सगळीकडे सारखीच. म्हणून दोन पक्क्या खुणा धरायच्या, एक भिंतीतली आणि एक रस्त्याकडेच्या खुंटाची. दोन्हींपासूनची अंतरं मोजून रजिस्टरात लिहायची, खुणांच्या कोणत्या बाजूला तेही लिहायचं. दोन टेप ताणून जिथे भेटतात ती जागा. झाडापासून कधीही मोजू नये, खोड दरवर्षी जाड होतं. कापडी टेपही नको, तो वापरून वापरून ताणतो. माझ्या आधीच्या माणसाने झाडापासून मोजलेल्या ओळी निस्तरायला मला फार त्रास झाला. तो मात्र शाल-श्रीफळ घेऊन निवृत्त झाला.

तक्रार घेऊन आलेल्या त्या बापाच्या मुलीची जागा मी मोजून काढली. बरोबर होती. फक्त रजिस्टरात त्या क्रमांकासमोर चार नोंदी होत्या.

सामाईक जागा ही काही नवी गोष्ट नाही. डब्लिनच्या ग्लासनेव्हिन दफनभूमीतल्या 'एंजल्स प्लॉट'मध्ये ५०,००० हून अधिक बाळं पुरलेली आहेत. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकापर्यंत मृत जन्मलेलं बाळ रुग्णालयामार्फत परस्पर पुरलं जाणं सर्रास चालायचं आणि कुठे पुरलं हे आईबापांना पुष्कळदा ठाऊकच नसायचं. आमच्याकडे जागा सांगतात. ती सामाईक आहे हे सांगतात की नाही, ते रुग्णालयात त्या दिवशी कोण ड्युटीवर होतं त्यावर.

त्या आठवड्यात मी त्या ओळीच्या कडा छाटायचं काम मुद्दाम सकाळी काढलं. एक बाई आल्या, चाळिशीच्या पुढच्या. थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग वाकून भिरभिऱ्याची काडी दोन्ही हातांनी हलकेच उपटली, खालची माती पायाने दाबून सारखी केली आणि कुंपणाच्या झुडपांकडे गेल्या. तिथे बुंध्याशी एक पिशवी होती. आत आधीची भिरभिरी होती, पाती मोडू नयेत म्हणून एकात एक बसवलेली. एक टोपडं घडी करून ठेवलेलं. एक खुळखुळा, पुसलेला.

"ताई, या वस्तू तुमच्या आहेत का?"

"नाही. जागा माझ्या मुलाची आहे." मग माझ्या हातातल्या कात्रीकडे बघत म्हणाल्या, "आणि इथे त्याच्याबरोबर आणखीही आहेत. मला नर्सनं तेव्हाच सांगितलं होतं. म्हणूनच काढते. एकाच्या नावाचा झेंडा रोवला की बाकीच्यांनी कुठे जायचं?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही नीट सुचत नाही.

साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "रजिस्टरात ज्याची नोंद आधी, त्याचं ऐका." साहेब दर दोन-तीन वर्षांनी बदलून येतात, त्यांच्या लेखी ही पार्किंगची जागा. एका कुटुंबाचं नाव दुसऱ्याला द्यायचं नाही हा आमचा नियम आहे आणि तो योग्यच आहे. पण जागा सामाईक आहे ही गोष्ट त्या बापाच्या स्वतःच्या मुलीबद्दलची होती, ती लपवायचा अधिकार कुणाला? एडिंबराच्या मॉर्टनहॉल दाहगृहाचं प्रकरण २०१२ मध्ये बाहेर आलं. तान्ह्या बाळांची रक्षा उरत नाही असं आईबापांना वर्षानुवर्षं सांगितलं गेलं आणि ती तिथल्याच आवारात परस्पर पुरली जात होती. तिथल्या चौकशीचा अहवाल २०१४ मध्ये आला, तेव्हा काही आईबाप म्हातारे झालेले होते.

रविवारी मी त्याला सांगितलं. नावं नाही, फक्त एवढंच की ती एकटी नाही.

मला वाटलं होतं, त्याला बरं वाटेल. आपण लोक असली वाक्यं दुसऱ्यासाठी तयार ठेवतो. तो चिडला. "मला हे कुणी सांगितलंच नाही. तिला काढा तिथून. वेगळी जागा द्या, लागेल तो खर्च मी देतो." परवानगीचं सांगून पाहिलं, ते त्याला पटेना. मग त्याने सरळ विचारलं, "काढता येईल की नाही?" मीही सरळ सांगितलं: एवढ्या लहान जिवाची हाडं कोवळी असतात, मातीत फार काळ टिकत नाहीत, आणि एकीला शोधायचं तर बाकीच्या तिघांना हलवावं लागेल. तो बाकावर जाऊन बसला. मी पाण्याचा पाइप गुंडाळायला घेतला, कारण जवळ उभं राहून करण्यासारखं काहीच नव्हतं.

पिशवी त्याला दिली. कुणी ठेवली ते त्याने विचारलं नाही, टोपड्याची घडी मात्र बराच वेळ बघत होता.

त्या ओळीच्या डोक्याशी, रस्त्याला लागून, मी फरशीची अरुंद पट्टी टाकून घेतली. पट्टीत पाइपचे तुकडे उभे गाडले, काडी नीट बसेल एवढ्या तोंडाचे. तिथे गवत कापायचं यंत्र जात नाही, त्यामुळे प्लास्टिकच्या चिंध्याही होत नाहीत. खालच्या गवतावर कुणी काही ठेवायचं नाही. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "रस्त्याकडेला असेल तर ते सगळ्यांचंच झालं." तो काही रविवार आलाच नाही. आता येतो, भिरभिरं पट्टीत लावतो, माझ्याशी कामापुरतं बोलतो. त्याचा राग माझ्यावर का, हे मला कळतं. सही घेणारा त्याच्या समोर नाही, मी आहे.

ती सही रुग्णालयातल्या फॉर्मवर असते. 'दफनाची व्यवस्था रुग्णालयाने करावी' आणि पुढे एक चौकोन. बाळ गेल्यानंतर काही तासांत बापाच्या हातात पेन देऊन त्या चौकोनात खूण करून घेतात. 'जागा इतर बाळांसोबत सामाईक असेल' एवढं एक वाक्य त्याखाली छापा, असं मी लेखी दिलं आहे. आमचं कार्यालय म्हणतं, फॉर्म रुग्णालयाचा. रुग्णालय म्हणतं, जागा तुमची, तुम्ही सांगा. परवा पुन्हा विचारायला गेलो तर टेबलावरच्या मुलीनं जुन्या फॉर्मांचा गठ्ठा दाखवला. आधी हा संपू दे म्हणाली.