भर बाराचा ड्रॅक्युला

पुस्तकातला ड्रॅक्युला सिनेमातल्यापेक्षा इतका वेगळा कसा, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. आमच्या गावच्या वाचनालयातून ‘ड्रॅक्युला’ घेऊन गेलेला वाचक पुस्तक परत करताना हमखास एक शंका काढतो: सिनेमातला ड्रॅक्युला उन्हाची तिरीप लागताच राख होतो, मग पुस्तकातला लंडनच्या रस्त्यावर दिवसाढवळ्या कसा फिरतो? लेखकच चुकला की काय?

लेखक चुकलेला नाही. ब्रॅम स्टोकरने १८९७ साली उभा केलेला हा रक्तपिपासू खलनायक उन्हाने मरत नाही; दिवसा त्याची ताकद तेवढी आटते. आपल्या मुक्कामाच्या जागी नसेल, तर त्याला रूप पालटता येते ते केवळ सूर्योदयाला, सूर्यास्ताला किंवा ऐन माध्यान्ही, असे कादंबरीत त्याच्या मागावर असलेले प्राध्यापक व्हॅन हेल्सिंगच सांगतात. हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा हरभऱ्याच्या वावरात जागलीवर होतो. रानडुकरांची चाहूल घेत, मचाणावर बॅटरीच्या उजेडात पाने उलटत होतो. ‘माध्यान्ही’पाशी अडखळलो, कारण वैशाखात धुऱ्यावरच्या चिंचेखाली जायला माझी आई जी वेळ वर्ज्य सांगायची, ती रात्रीची नव्हतीच. “भर बारा वाजता तिकडं फिरकू नको,” एवढेच ती म्हणायची. वावरात चिटपाखरू नाही, समोर नुसती झळ हलते आहे आणि सावली पायाखाली गोळा झाली आहे, अशा वेळी भीतीला अंधार लागत नाही, हे विदर्भात वेगळे सांगावे लागत नाही.

उन्हाचे मरण ही सिनेमाची भर. १९२२ साली जर्मनीत ‘नोस्फेराटू’ हा मूकपट निघाला, तो स्टोकरच्या पत्नीची परवानगी न घेता, पात्रांची नावे बदलून. त्यात खलनायक सकाळच्या उजेडात विरून जातो. तिने दावा लावला, न्यायालयाने प्रती नष्ट करायला सांगितल्या, तरी काही प्रती वाचल्या आणि त्यांच्याबरोबर ते मरणही वाचले. कादंबरीत मात्र सूर्य मावळण्याच्या बेतात असताना पाठलाग करणाऱ्यांपैकी हार्करची कुकरी (होय, आपल्या गोरख्यांचीच) ड्रॅक्युलाच्या गळ्यावरून फिरते आणि मॉरिसचा सुरा छातीत शिरतो.

रूपाचेही तसेच. पुस्तकातला सरदार ड्रॅक्युला पांढऱ्या मिशांचा म्हातारा आहे, त्याच्या तळहातांवर केस आहेत, श्वासाला घाण येते आणि पुढे तो तरुण होत जातो. १९३१ च्या चित्रपटात बेला लुगोसी हा नट आला तो रंगभूमीवरची हीच भूमिका सोबत घेऊन, ऐटबाज पोशाखात. माझ्या मते हे व्हायचेच होते. सबंध कादंबरी रोजनिशा, पत्रे आणि तारांतून सांगितलेली आहे. त्यात गोष्ट सांगतात ती बाकीची पात्रे, ड्रॅक्युला नाही, आणि किल्ल्यातली सुरुवातीची प्रकरणे संपली की तो फारसा दिसतही नाही. सिनेमाला त्याला इतका वेळ लपवून ठेवणे परवडत नाही, आणि एकदा चेहरा दाखवायचा म्हटला की तो दोन तास बघवेल असा असावा लागतो.

म्हणून मी पुस्तकाच्या बाजूचा. पण १९५८ च्या ब्रिटिश चित्रपटात व्हॅन हेल्सिंग धावत जाऊन खिडकीचा पडदा ओरबाडतात, उन्हाचा पट्टा ड्रॅक्युला झालेल्या ख्रिस्तोफर लीच्या पायावर पडतो, तेव्हा इतक्या वेळा पाहूनही मी खुर्चीत पुढे सरकून बसतो.