सीनाकाठच्या चिखलातून उसाची खेप

परतीचा पाऊस उघडून तीन दिवस झाले होते. वरून रान वाळल्यासारखं दिसत होतं, म्हणून टोळीने ऊस तोडून दोन्ही ट्रॉल्या भरल्या. मोहोळ तालुक्यातलं सीनाकाठचं रान म्हणजे खोल काळी माती. वर पापुद्रा वाळतो, खाली नुसतं लोणी. लांबोटीजवळच्या हायवेपर्यंत पाणंद जेमतेम एक किलोमीटर, पण आम्हाला चार तास लागले.

पहिल्याच वळणावर मागची चाकं जागेवर फिरायला लागली. मी रेस वाढवली तशी ती आणखी खाली गेली. टायरच्या खाचा मातीने अशा लिंपल्या की टायर गुळगुळीत दिसायला लागला. आण्णा बांधावरून ओरडले, “आरं, रेस सोड! एक्सल टेकला की जेसीबीच बोलवावा लागंल.”

मग मागची ट्रॉली सोडली. खुरप्याने खाचा मोकळ्या केल्या, चाकांपुढे पाचट दाबून अंथरलं. ट्रॅक्टर उभा असतानाच डिफरन्शियल लॉक (मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरवणारा) लावला आणि लो गिअरमध्ये, रेस न वाढवता, सरळ काढला. वळणाआधी लॉक सोडायला विसरू नका, नाहीतर ट्रॅक्टर वळत नाही आणि आतले गिअर तुटतात. दोन्ही ट्रॉल्या अशा एकेक करून नेल्या.

टोळीतल्या एकाने चाकाला ओंडका बांधायला सुचवलं. आण्णांनी साफ नकार दिला आणि ते बरोबरच होतं. ओंडका अडकला की चाक थांबतं, मग ट्रॅक्टरच पुढून उचलून मागे उलटतो. ओढायची साखळीही खालच्या ड्रॉबारलाच, म्हणजे मागच्या ओढायच्या दांड्यालाच लावा, वर कुठे नको.

निघण्याआधी करायचं काम मात्र आम्ही दुसऱ्या दिवशी केलं: मागच्या टायरांत पाणी भरलं. चाक जॅकवर घेऊन व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणायचा आणि त्याच्या पातळीपर्यंत, म्हणजे साधारण 75 टक्के, पाणी भरायचं. वरची जागा हवेला. आमच्या 13.6-28 टायरात दीडशे लिटरच्या वर पाणी बसलं. तेवढं वजन थेट चाकावर येतं, म्हणून ते कमी घसरतं. बर्फाच्या देशात पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळतात. सोलापुरात साधं पाणी चालतं. रानात हवा थोडी कमी ठेवली तर टायर पसरून माती धरतो, पण भरल्या ट्रॉलीने डांबरीवर चढण्याआधी ती पुन्हा पुरी भरा.

दुसऱ्या खेपेला पाणंद पाऊण तासात पार झाली. हायवेला लागताना चाकांचा चिखल खोऱ्याने खरवडून काढा. डांबरावर पडलेल्या त्या गोळ्यांवरून मागचे मोटारसायकलवाले घसरतात.