फोर्ट लॅरमी : तटाविना किल्ला

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातला फोर्ट लॅरमी हा जुना लष्करी किल्ला पाहायला जायचं, तर सगळ्यात आधी एक सूचना. फोनमध्ये नुसतं 'लॅरमी' टाकू नका. लॅरमी नावाचं शहर वेगळं आहे आणि किल्ल्यापासून गाडीनं दोनेक तास लांब आहे. आम्ही डेन्व्हरहून निघालो आणि हीच चूक केली. शायॅनजवळ फोन आय-80 वर पश्चिमेला वळा म्हणू लागला, तेव्हा बाबांना शंका आली. त्यांनी आदल्या रात्री नकाशा पाहून ठेवला होता, मी नव्हता. योग्य वाट म्हणजे आय-25 नं सरळ उत्तरेला जायचं, 92 नंबरच्या एक्झिटला उतरायचं आणि यूएस-26 धरून गर्न्सीवरून फोर्ट लॅरमी गाव गाठायचं. डेन्व्हरपासून साधारण साडेतीन तास लागतात. गावाच्या पाटीवर लिहिलंय: इथे 250 भली माणसं आणि 6 कुरकुरे राहतात. गावातून किल्ला तीन मैलांवर. वाटेत नॉर्थ प्लॅट नदीवर लष्करानं 1875 मध्ये बांधलेला लोखंडी पूल दिसतो, तिथे पाच मिनिटं थांबा.

गाडीतून उतरल्यावर बाबांनी चहूकडे पाहिलं आणि विचारलं, "तटबंदी कुठंय?"

नाहीच. राजगड-तोरणा पाहिलेल्या माणसाला हा किल्ला वाटतच नाही. मोठं मोकळं मैदान, त्याच्या कडेनं घरं, बराकी, दुकान, आणि मधेमधे चुन्याच्या काँक्रीटच्या उघड्या भिंती. 1834 मध्ये फरच्या व्यापाऱ्यांनी इथे बांधलेल्या ठाण्याला लाकडी कुंपण होतं, 1841 मध्ये त्याच्या जागी कच्च्या विटांचं ठाणं आलं. 1849 मध्ये सरकारनं ते 4000 डॉलरला विकत घेतलं. ऑरेगन, कॅलिफोर्नियाकडे वस्ती करायला निघालेल्या लोकांच्या तांड्यांच्या वाटेवर लष्कर हवं होतं. लष्करानं मात्र सभोवती भिंत बांधलीच नाही.

1890 मध्ये लष्कर गेलं आणि इमारती लिलावात निघाल्या. कुणी राहायला घेतल्या, कुणी लाकूड उपसून नेलं. 1938 मध्ये जागा राष्ट्रीय स्मारक झाली, म्हणून जे उरलं ते उरलं. त्यातलं 'ओल्ड बेडलॅम' चुकवू नका. अविवाहित अधिकाऱ्यांसाठी 1849 मध्ये बांधलेलं हे पांढरं दुमजली घर, दोन्ही मजल्यांना व्हरांडे. दुकान आणि 1874 ची घोडदळाची बराक आतल्या सामानासकट मांडून ठेवली आहेत. बराकीतल्या खाटांची रांग पाहून आईला माझं हॉस्टेल आठवलं.

पण खरं सांगायचं तर इथे मला इमारतींपेक्षा तहांनीच जास्त थांबवलं. तह म्हटलं की आपल्याला पुरंदर आठवतो. इथले तह सरकार आणि इथल्या मूळ रहिवाशांच्या टोळ्यांमधले. पहिला 1851 चा. जमलेल्या टोळ्यांच्या घोड्यांना किल्ल्याजवळ गवत पुरेना, म्हणून बोलणी नदीच्या खालच्या अंगाला, हॉर्स क्रीक या ओढ्याकाठी झाली. तीन वर्षांत तांड्यातली एक गाय मारली गेली. तेवढ्यावरून लेफ्टनंट ग्रॅटन 29 सैनिक घेऊन लकोटा टोळीच्या तळावर गेला. ग्रॅटनसकट एकही सैनिक जगला नाही, आणि लकोटांचा प्रमुखही जखमी होऊन पुढे दगावला. दुसरा तह 1868 चा. लकोटांचा म्होरक्या रेड क्लाउड यानं आधी मोंटानाच्या सोन्याकडे जाणाऱ्या बोझमन वाटेवरची लष्करी ठाणी रिकामी करायला लावली आणि मग नोव्हेंबरात सही केली. ब्लॅक हिल्सच्या टेकड्या त्या तहानं सू लोकांच्या (लकोटा त्यांच्यातलेच) होत्या. 1874 मध्ये तिथे सोनं सापडलं, 1877 मध्ये सरकारनं त्या काढून घेतल्या. 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं भरपाई देण्याचा निकाल कायम केला. दहा कोटी डॉलरच्या वरची ती रक्कम सू लोकांनी आजवर उचललेली नाही, त्यांना डोंगर हवेत. बाबा हे ऐकून बराच वेळ व्हरांड्यात बसून राहिले.

तिकीट नाही. आवार सूर्योदय ते सूर्यास्त उघडं असतं. माहिती केंद्राच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, त्या निघण्याआधी पाहून घ्या. केंद्र जुन्या कोठारात आहे, नकाशा तिथून घ्या. झाडं मोजकी, वारा भणभण, त्यामुळे टोपी आणि पाणी हवंच. गवतात शिरू नका, रॅटलस्नेक हे विषारी साप असतात. जेवण डब्यात न्या. आमचे थालीपीठ-चटणी कॉटनवुडच्या झाडाखाली बसून मिनिटात संपले. तीन तास पुरतात, घाईत असाल तर दोन.

परतताना गर्न्सीला थांबाच. रजिस्टर क्लिफवर तांड्यातल्या लोकांनी दगडात कोरलेली नावं आहेत. आपल्या गडांवर नाव कोरणाऱ्याला आपण शिव्या घालतो, इथे जुन्या नावांना कुंपण घातलंय! जवळच तांड्यांच्या गाड्यांच्या चाकांनी वालुकाश्म खोदून काढला आहे, काही ठिकाणी पाच फूट खोल. 'चाकोरी' हा शब्द मी आयुष्यभर वापरला, चाकोरी पाहिली मात्र तिथे. आई आत उतरली, तिचं डोकं तेवढं वर दिसत होतं. "चढायला हात दे," म्हणाली.