चांदोलीत काय पाहिलं

"वाघ दिसला का?" चांदोलीहून पुण्यात परतले, तर लिफ्टमध्ये शेजारच्या काकूंचा पहिला प्रश्न हाच. नाही म्हटल्यावर, "मग एवढ्या लांब जाऊन पाहिलंत काय?"

तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय.

गाइडने झुडपं बाजूला करून एक जोतं दाखवलं होतं. दगड अजून ओळीत बसलेले, मध्ये कमरेएवढं गवत, कडेला गव्याचं ताजं शेण. "हितं आमच्या आज्याचं घर होतं," एवढंच बोलला आणि पुढे चालू लागला.

२०१० मध्ये कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. या जंगलासाठी गावंच्या गावं उठली. आणि आपण वाघ दिसला की नाही, एवढ्यावर सहलीचा हिशोब मांडतो. फार लागलं मनाला.

गेटवर प्राण्यांच्या नावांशेजारी त्या गावांची नावं लावायला काय हरकत आहे?