चित्त्यांसाठी गेले आणि शेळ्यांमागे फिरले: नामिबियातले दोन आठवडे

नामिबियातल्या चित्ता-केंद्रात स्वयंसेविका म्हणून गेले, आणि पहिल्याच सकाळी हातात रबरी मोजे, सुरी आणि घोड्याच्या मांसाचं घमेलं आलं. जुलै महिना, अंगात दोन स्वेटर तरी बोटं बधिर झालेली, आणि कुंपणापलीकडून पाखरांसारखी चिवचिव. ती चित्त्यांची होती. चित्ता डरकाळी फोडत नाही. तो चिवचिवतो, आणि मजेत असला की मांजरासारखा घुरघुरतो. हे वाचलेलं होतं, पण कानावर पडलं तेव्हा काटा आला.

चीता कॉन्झर्वेशन फंडचं हे केंद्र ओचिवारोंगो गावापासून 44 किलोमीटरवर, वॉटरबर्गच्या पठाराजवळ आहे. डॉ. लॉरी मार्कर यांनी 1990 साली ही संस्था सुरू केली. नामिबिया स्वतंत्र झाला तेही त्याच वर्षी. 17 सप्टेंबर 2022 ला मध्य प्रदेशातल्या कुनोत उतरलेले आठ चित्ते नामिबियातलेच, आणि त्या कामात या संस्थेचा मोठा हात होता. आपलं नातं तर त्याहून जुनं. भारतातले चित्ते मिळेनासे झाले तेव्हा कोल्हापूर संस्थानाने शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते आणवले होते, आणि ते सांभाळायला चित्तेवान होते.

केंद्रातले चित्ते बहुतेक पोरके. आई गेली तेव्हा फार लहान होते, म्हणून रानात परत सोडता येत नाहीत. त्यांना हात लावायचा नाही. मांस कापायचं, भांडी घासायची, विष्ठा उचलायची. यंत्राच्या दोरीला बांधलेल्या चिंधीमागे त्यांना पळवतात, ते मात्र पाहायला मिळतं. चित्त्याला मांडीवर घेऊन फोटो काढायचा असेल तर इथे येऊ नका. आणि असा फोटो काढू देणाऱ्या जागी तर मुळीच जाऊ नका.

माझा जास्तीत जास्त वेळ शेळ्यांमागे गेला, आणि मला वाटतं खरं काम तेच आहे. नामिबियातले बहुतेक चित्ते अभयारण्यात नाहीत, खासगी आणि गावांच्या चराऊ रानात आहेत. अभयारण्यात सिंह आणि तरस त्यांची शिकार हिसकावतात, पिल्लं मारतात. शेतकऱ्यांनी सिंह-तरस हटवले, म्हणून चित्त्याला तिथे जागा मिळाली, पण तिथेच शेळ्याही आल्या. 1980 च्या दशकात शेतकरी दरवर्षी शेकडो चित्ते मारत किंवा पकडत होते. यावर संस्थेने 1994 पासून उपाय केला तो कुत्र्याचा. तुर्कस्तानातली अनातोलियन आणि कंगाल जातीची पिल्लं अगदी लहानपणी करडांसोबत वाढवायची, म्हणजे कळप हेच त्यांचं घर होतं. हा कुत्रा शेळ्या हाकत नाही. तो कळपात राहतो, आणि काही हललं की पुढे होऊन भुंकतो. चित्ता मारामारीच्या वाटेला जात नाही, जखमी झाला तर पळणार कसा? तो निघून जातो. कुत्रा मिळालेल्या बहुतेक शेतकऱ्यांचं नुकसान जवळजवळ थांबलेलं आहे.

मी माणदेशातली. आमच्याकडे धनगरांच्या वाड्यावर लांडग्यासाठी कुत्री असतात, त्यामुळे हे मला शिकवावं लागलं नाही. हेरेरो जमातीच्या एका आजींच्या कुत्र्याला लस द्यायला आम्ही गेलो. डोक्यावर गाईच्या शिंगांच्या आकाराचं त्यांचं कापडी शिरोभूषण, अंगात पायघोळ झगा. दुभाष्यामार्फत त्यांनी मला पहिला प्रश्न केला, "तुझ्या घरी शेळ्या किती?" तेरा म्हटल्यावर त्या मान हलवत म्हणाल्या, "थोड्या आहेत, पण सुरुवातीला ठीक." मग करडाचे कान कसे तपासायचे ते त्यांनी मला दाखवलं. निघताना मी त्यांच्या भाषेत ‘ओकुहेपा’ म्हणाले, म्हणजे धन्यवाद. हा एक शब्द तरी शिकून जा.

आता व्हिसा, कारण माझी सगळ्यात मोठी धावपळ तिथेच झाली. पुण्यातल्या एका एजंटाने पर्यटक व्हिसा पुरेल असं ठामपणे सांगितलं होतं. स्वयंसेवेसाठी तो चालत नाही. विनामोबदला काम असलं तरी वेगळी परवानगी लागते. संस्थेकडून पत्र मागवा, दिल्लीतल्या नामिबियाच्या उच्चायुक्तालयाशी स्वतः बोला, आणि हातात तीन महिने ठेवा. परवानगी येईपर्यंत विमानाचं तिकीट काढू नका.

मुंबईहून अदिस अबाबामार्गे जाणार असाल तर पिवळ्या तापाची लस घ्या. प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच, आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टसोबत ठेवा. परतताना भारतातही ते विचारतात.

राजधानी विंडहुकपासून ओचिवारोंगो साधारण अडीचशे किलोमीटर, रस्ता उत्तम. पुढे खडीचा. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालते, पण खडीवर वेग कमी ठेवा आणि अंधारात अजिबात चालवू नका. कुडू हरणं अचानक आडवी येतात.

दक्षिण आफ्रिकेचा रँड तिथे नामिबियन डॉलरच्या बरोबरीने चालतो. चार्जरसाठी आपला गिझरचा मोठा तीन पिनांचा प्लग तिथल्या सॉकेटमध्ये बसतो, तसला अडॅप्टर घरूनच न्या. शाकाहारी असाल तर अर्जातच लिहा. मक्याच्या पिठाचा ‘पाप’ आपल्या उकडीच्या जवळ जातो, माझं लसणाचं तिखट त्यावर पहिल्या आठवड्यातच संपलं. बाभळीचे काटे पातळ तळव्यातून आरपार जातात, म्हणून बूट जाड घ्या. जून ते ऑगस्ट रात्री गोठवणाऱ्या, दुपारी ऊन, पाऊस नाही. कानटोपी विसरू नका.

तारखा हातात असतील तर एक विचारून घ्या: कुत्र्यांची पिल्लं करडांच्या गोठ्यात कधी असतील? शेतकऱ्यांकडे जाण्याआधी त्यांना रोज तोलावं लागतं, पंजे-कान तपासावे लागतात. आमच्या वेळी त्या कामाला माणसं कमी पडत होती.