बाहेरून जिना, आतून एकच घर

3 जून 2020 च्या निसर्ग वादळात दापोलीकडच्या आमच्या घराची मागची बाजू गेली. कौलं, रिपा, अर्धे वासे, सगळंच. तीन पावसाळे ताडपत्रीखाली काढले. मग ठरवलं, मागे स्लॅब टाकायचा. वर भावाच्या कुटुंबासाठी एक खोली आणि उरलेली गच्ची. गणपतीला, शिमग्याला ते मुंबईहून रात्री-अपरात्री पोचतात, म्हणून जिना बाहेरून.

आई ऐकून गप्प झाली. दोन दिवसांनी म्हणाली, "वेगळं दार म्हणजे वाटणीच ना रे?" माझं काही तिला पटेना. शेवटी भावालाच फोन लावून दिला. तो म्हणाला, "आई, चहाला आणि जेवायला आम्ही खालीच." तेव्हा कुठे ती आराखडा बघायला बसली, आणि जिन्याचा पायथा स्वयंपाकघराच्या दाराशी आणायचा हे तिनेच सुचवलं.

कागदांनी दमवलं. घरपट्टी अजून आजोबांच्या नावावर, त्यामुळे सगळ्या चुलत्यांची संमती गोळा करावी लागली. समुद्र 500 मीटरच्या आत, म्हणून सीआरझेडही, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियमही आले. काम काढायच्या आधी हे बघा, नंतर नको.

जुन्या चिऱ्याच्या भिंतींवरच स्लॅब बसेल असं मी धरून चाललो होतो. इंजिनिअरने कोपऱ्यात पाया उकरून दाखवला. चिरे मातीत रचलेले, तेही जेमतेम हातभर खोल. "कौलं पेलतात, स्लॅब नाही पेलणार." म्हणून नवे कॉलम घेतले आणि जुन्या भिंतीपासून दोन बोटं फट सोडली. खाऱ्या वाऱ्यात सळई गंजते आणि काँक्रीटचे पोपडे पडतात, हे गावात जागोजागी दिसतं. त्यासाठी काँक्रीट एम-30 या मजबूत प्रतीचं आणि सळईवर कव्हर, म्हणजे तिला झाकणारा काँक्रीटचा थर, 45 मिलिमीटर. तेवढं अंतर राखायला सळईखाली ठोकळे ठेवतात; मिस्त्रींनी 20 मिलिमीटरचे आणले होते, ते परत पाठवले. इथे भीड धरू नका.

जिना आधी पश्चिमेला आखला होता. पावसाळी वारा तिकडूनच झोडपतो, म्हणून पूर्वेला नेला. आषाढात भर पावसात जमिनीवर विटा मांडून पायऱ्या आखल्या आणि छत्री घेऊन उभा राहिलो. जुन्या छपराची पागोळी नेमकी तिसऱ्या पायरीवर! जिना दोन फूट सरकवला, वर पन्हळ लावली. कागदावर हे कधीच दिसलं नसतं.

गच्चीला शंभराला एक असा उतार दिला आणि कोबा झाल्यावर चोवीस तास पाणी तुंबवून ठेवलं. सकाळी खालच्या छताला, कठड्याच्या कोपऱ्यात, तळहाताएवढी ओल. तिथला वाटा, म्हणजे गच्ची आणि कठड्याच्या सांध्यातला गिलाव्याचा गोलवा, फोडून पुन्हा केला, पुन्हा पाणी भरलं. कोरडं राहिलं तेव्हाच मिस्त्रींचा शेवटचा हप्ता दिला.

यंदा मे महिन्यात आईने आमसुलं आणि फणसपोळी वरच घातली. कावळे हाकायला पुतणी बसते, आणि खालून हाक आली की बाहेरच्या जिन्याने धडधडत थेट चुलीपाशी.