भुऱ्याचा बिल्ला

भुऱ्या गेला तेव्हा त्याच्या शिंगांवर पोळ्याचा हिंगूळ तसाच होता. २०२२ चा पोळा ऑगस्टच्या अखेरीस झाला आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या गोठ्यातली एक दावण रिकामी झाली. आम्ही बुलढाणा जिल्ह्यातले. सात एकर कोरडवाहू, खरिपात सोयाबीन आणि मागून हरभरा. नांगरटीला ट्रॅक्टर भाड्यानं लावतो, पण डवरणीला बैलच लागतात.

लम्पीची, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या साथीची, बातमी आमच्याकडे आधीच पोचली होती. त्या साथीतली राज्यातली पहिली जनावरं ऑगस्टमध्ये शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यात सापडली होती. तरी पोळा लावून सगळे निवांत होते. आठ-दहा दिवसांनी भुऱ्यानं ढेप हुंगून सोडली. दुसऱ्या दिवशी मानेवर हात फिरवला तर कातडीखाली लिंबोळीएवढ्या गाठी लागल्या. चौथ्या दिवशी पुढचे दोन्ही पाय सुजले, गळ्याखालच्या पोळीत पाणी उतरलं आणि तो बसेचना. बसलं की उठता येत नाही हे त्याला कळलं असावं. रात्रभर खुंट्याला टेकून उभा राहायचा.

दवाखान्यातले पशुधन पर्यवेक्षक दोनदा येऊन गेले. त्यांच्याकडे अठरा गावं होती, डोळे लाल झाले होते. त्यांनी सरळ सांगितलं, की हा देवीच्या जातीचा विषाणू आहे, माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत पसरतो, माणसाला होत नाही, आणि नेमकं औषध कुणाकडेच नाही. सुया देतोय त्या ताप उतरावा आणि जखमा चिघळू नयेत म्हणून. लाल्याला, म्हणजे त्याच्या जोडीदाराला, त्याच दिवशी लस टोचली. ती मूळची शेळ्यांच्या देवीची लस, कातडीखाली एक मिली, फुकट. भुऱ्याला टोचली नाही, आजारी जनावराला ती देत नाहीत. पुढे काही महिन्यांत राज्यातल्या जवळपास सगळ्या गाईबैलांना ही लस दिली गेली, जवळपास १ कोटी ४० लाख जनावरं. सरकारी काम म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हा आकडा एकदा मनातल्या मनात मोजून बघावा. आम्हाला मात्र ती पंधरा दिवस उशिरा आली.

अकराव्या दिवशी पहाटे तो पडला. बाबा म्हणाले, "खड्डा खणा अन् मोकळं करा त्याले." मी अडवलं. दवाखान्याच्या भिंतीवर कागद चिकटवलेला मी वाचला होता: लम्पीनं गाय दगावली तर ३०,००० रुपये, बैल २५,०००, वासरू १६,०००. पंचनाम्याच्या आधी पुरलं की विषय संपला. बाबा माझ्याशी त्यावर एक शब्द बोलले नाहीत. जनावर असं उघड्यावर ठेवून पैशाची वाट बघायची, हे त्यांना पटणारं नव्हतंच. मलाही पटत होतं असं नाही. गोणपाट ओलं करून टाकलं आणि माश्या हाकत बसलो.

दुपारी तीनला डॉक्टर आले. सोबत ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि पंच म्हणून शेजारचे दोघे. डॉक्टरांनी गाठी पाहिल्या, फोटो काढले आणि विचारलं, "बिल्ला कुठंय?"

इथं आमची गाडी अडली. कानातला पिवळा बिल्ला, त्यावरचा १२ अंकी नंबर, हीच जनावराची ओळख. तो नंबर आणि मालकाचं नाव सरकारच्या संगणकात असतं. भुऱ्याच्या डाव्या कानाला फक्त उभी चीर होती. दोन वर्षांपूर्वी तोंडखुरीच्या लसीच्या वेळी दोन्ही बैलांना बिल्ले मारले होते. भुऱ्याचा कान पिकला, त्यानं तो बोरीच्या काटीत घासला आणि बिल्ला कुठल्याशा बांधावर पडला. बाबांना तेव्हा बरंच वाटलं होतं. नवा मारून घ्यायला मीही गेलो नाही, हे कबूल करतो.

ग्रामसेवक म्हणाले, बिल्ला नाही तर प्रकरण वर जाऊन परत येईल. डॉक्टर थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी पंचनाम्यात स्पष्ट लिहिलं: बिल्ला गळून पडलेला, कानाला जुनी चीर. चिरेचा जवळून वेगळा फोटो घेतला. आणि मला म्हणाले, "जुना नंबर शोधून आणा, तुमचं काम मी अडवणार नाही." अशी माणसं त्या खात्यात आहेत हेही लिहून ठेवायला हवं.

खड्डा आठ फूट सांगितला होता. काळ्या रानात पावसानं पाणी लागत होतं, जेसीबीला दोन तास लागले. त्याचे २,२०० रुपये. खाली चुना, वर चुना. बाबांनी खड्ड्यात उतरवण्याआधी त्याच्या गळ्यातली घागरमाळ काढून घेतली आणि मग घरी निघून गेले.

नंबर शोधायचा कसा? घरी कागद नव्हता. दुसऱ्या दिवशी लाल्याच्या कानातला नंबर उतरवून घेतला. त्यालाच पाच मिनिटं गेली, कारण तो मान हलवायचा थांबेना आणि अंकांवर शेण वाळलेलं. तो घेऊन दवाखान्यात गेलो. तिथं लसीकरणाच्या जुन्या वह्यांचा गठ्ठा होता. पर्यवेक्षकांनी वैतागून तो माझ्यापुढं सरकवला. तीन वह्या झाल्यावर लाल्याची ओळ सापडली आणि तिच्या लगेच खाली बाबांचंच नाव, "बैल, करडा, वय ५". दोघांना एकामागोमाग बिल्ले मारले होते, त्यामुळं नंबरही एकापुढं एक. संगणकात टाकल्यावर तोच बैल, तोच मालक. पर्यवेक्षक म्हणाले, "चला, तुमचा बैल होता हे सिद्ध झालं." मला हसू आलं नाही.

बाकी कागदांत विशेष काही नव्हतं: आधार, पासबुक, पंचनामा, डॉक्टरांचा दाखला. एवढंच, की बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाल्यानं पासबुकावरचा आयएफएससी कोड जुना होता. ते तालुक्याला फाईल परत आल्यावर कळलं, त्यात बारा दिवस गेले. कुणी आज हे करत असेल तर पासबुकाचं पहिलं पान आधी बँकेतून ताजं छापून घ्या. फाईल तालुक्याहून जिल्ह्याला गेली की तिचा ठावठिकाणा फक्त फोन करूनच कळतो आणि तिथं आवक क्रमांकाशिवाय कुणी बोलत नाही. तो क्रमांक मी हातावर लिहून फिरायचो.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात बसत नाही. गाईला तीस आणि बैलाला पंचवीस. दूध देणारं जनावर घर चालवतं, त्यामुळं तिचं जास्त, हा हिशेब मला समजतो. पण आमच्याकडे भुऱ्यासारखा कामाचा बैल तेव्हा पन्नास हजाराच्या खाली मिळत नव्हता. आणि मिळाला असता तरी आणायचा कुठून? साथीमुळं अख्खं राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं होतं, गुरांचे बाजार आणि वाहतूक बंद. ते बरोबरच होतं, नाहीतर रोग आणखी पसरला असता. पण हरभऱ्याची पेरणी काही साथ संपायची वाट बघत नाही. चुलत्यांचा एक बैल आणि आमचा लाल्या अशी सावड केली. दोघांची चाल जुळत नव्हती, तास वाकडे पडले. वाकड्या ओळींचा तो हरभरा लोकांनी येता-जाता पाहिला.

पैसे पंचनाम्यानंतर त्रेपन्नाव्या दिवशी आले. बाबांच्या फोनवर मेसेज आला तेव्हा ते रानात होते, मी वाचून दाखवला. पूर्ण २५,०००, एक रुपया कापलेला नाही. कुणी हात पुढं केला नाही, मीही कुणाला काही दिलं नाही. लोकांना हे खोटं वाटतं, म्हणून मुद्दाम लिहितो. बाबांनी विचारलं, "जेसीबीचे दिले का?" दिले म्हटल्यावर पुन्हा खुरपायला बसले.

पुढच्या वर्षी मामांकडून एक खोंड आणला. आता तर १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय बाजारात जनावर विकता येत नाही, दवाखान्याची सेवाही त्यालाच जोडली आहे. आमच्या खोंडाला बिल्ला मारायला पर्यवेक्षक आले, तेव्हा कान बाबांनी स्वतः धरला. जखमेला आठवडाभर हळद आणि तेल तेच लावत होते. दोन्ही नंबर त्यांनी गोठ्याच्या चौकटीवर गेरूनं लिहिलेत, लाल्याचा आणि खोंडाचा. भिंतीला चुना दिला की ते पुन्हा कोरतात. मधे एक ओळ मोकळी सोडलेली असते.